विमानं इतक्या उंचावरून का उडतात? 'वर हवा विरळ असते' एवढ्यावर समाधान होत नाही

खिडकीपाशी | शनिवार, रात्री १०:०५

गेल्या आठवड्यात लांबच्या प्रवासात दहा तास खिडकीला चिकटून बसले होते. झोप येईना, म्हणून समोरच्या पडद्यावरचे आकडे वहीत उतरवत गेले. सुरुवातीला उंची ३३,००० फूट, बाहेर उणे ५० अंश. तीन तासांनी इंजिनांचा आवाज किंचित चढला, पाठ सीटला जरा जास्त टेकली आणि दोन-तीन मिनिटांत आकडा ३५,००० वर जाऊन थांबला. आणखी तीनेक तासांनी ३७,०००. बाहेर ढग नव्हते, विमान हलत नव्हतं, घोषणाही काही झाली नाही. आम्ही पूर्वेकडे चाललो होतो आणि सगळा वेळ स्वच्छ ऊन होतं.

वर हवा विरळ, म्हणून रोध कमी, म्हणून इंधन वाचतं, हे शाळेपासून ऐकत आले आहे. पण हवा विरळ तर पंखांना आधारही कमी मिळणार आणि इंजिनालाही हवा कमी पडणार. मग फायदा नेमका येतो कुठून? बरं, उंचीत फायदाच आहे तर सुरुवातीलाच ३७,००० वर का गेलो नाही? आणि ५०,००० वर का नाही?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. घाई नाही, पण मनापासून जाणून घ्यायचंय.

अवकाळी | शनिवार, रात्री १०:३१

वर वादळं नसतात, ढग खाली राहतात, पक्षी नसतात, डोंगर नसतात. माझ्या मते मुख्य कारण हेच.

पाटीपेन्सिल | शनिवार, रात्री ११:१८

प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. मी भौतिकशास्त्र शिकवते आणि दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी हेच विचारतो, म्हणून आधी माझ्या बाजूचं लिहिते.

आडव्या उड्डाणात पंखांनी दिलेली उचल आणि विमानाचं वजन सारखं असावं लागतं. उचल अवलंबून असते हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग यावर, आणि पंख हवेला किती कोन करून आहेत त्यावर. रोधाचंही तसंच. प्रत्येक विमानाचा एक कोन असा असतो की त्या कोनात कमीत कमी रोधात जास्तीत जास्त उचल मिळते. आजच्या प्रवासी जेटमध्ये हे प्रमाण १६ ते १८ च्या आसपास असतं. म्हणजे ६५ टनांचं विमान हवेत पुढे नेत राहायला साधारण ४ टनांचा रेटा पुरतो.

आता महत्त्वाचं. हे प्रमाण पंखांच्या आकारावर आणि कोनावर ठरतं. उंचीशी त्याचा जवळपास संबंध नाही. ६५ टनांच्या विमानाचा कमीत कमी रोध समुद्रसपाटीला ४ टन, तर ३५,००० फुटांवरही ४ टनच. वर गेल्याने विमानाचा किमान रोध कमी होत नाही.

बदलतो तो वेग. ३५,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ३१ टक्के असते. घनता इतकी उतरली की तीच उचल मिळवायला वेगाचा वर्ग तेवढ्याच पटीत वाढायला हवा. गणित केलं तर वेग १.८ पट येतो. खाली ताशी ४६३ किलोमीटरला जो कोन सर्वात फायद्याचा, तोच कोन वर ताशी ८३३ किलोमीटरला मिळतो. रेटा तोच, वेग पावणेदोन पटीहून जास्त.

अवकाळी | शनिवार, रात्री ११:४०

थांबा. मग सगळीकडे 'रोध कमी' असं का लिहितात? चूक आहे का ते?

पाटीपेन्सिल | शनिवार, रात्री ११:५६

चूक नाही, अर्धं आहे. एकाच वेगाची तुलना केली तर ते खरं ठरतं. समजा त्याच विमानाला समुद्रसपाटीला ताशी ८३३ किलोमीटरने न्यायचं ठरवलं. तिथे हवा तिपटीहून दाट आहे. अंगाला घासणाऱ्या हवेचा रोध ३.२ पट होईल. उचल निर्माण करताना होणारा रोध मात्र तितक्याच पटीत घटेल, कारण नाक खाली घालून पंख जवळजवळ सपाट ठेवता येतील. सर्वात फायद्याच्या वेगाला हे दोन्ही रोध निम्मे-निम्मे असतात. त्यामुळे एकूण रोध साधारण पावणेदोन पट होईल. शिवाय इतक्या दाट हवेत इतक्या वेगाला विमानाच्या सांगाड्याला परवानगीच नसते. तबकडीवरच्या वेगाची कमाल मर्यादा बहुतेक प्रवासी जेटना ३४०-३५० नॉट असते आणि ताशी ८३३ किलोमीटर म्हणजे ४५० नॉट.

म्हणून मी वर्गात असं सांगते: वर गेल्याने विमान 'हलकं' होत नाही, त्याला लागणाऱ्या जोरात जास्त अंतर मिळतं.

नभोवाट | रविवार, सकाळी ७:२२

रात्री धागा वाचला आणि फार बरं वाटलं. मी बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचला काढली आहेत. उड्डाणापूर्वी मार्ग, उंची आणि इंधन यांचा आराखडा बनवणं हे आमचं काम. पाटीपेन्सिल यांनी लिहिलेलं आमच्या भाषेत असं येतं.

जेट इंजिन इंधन खातं ते रेट्याच्या हिशेबाने. तासाला किती किलो जाणार हे ढोबळमानाने किती टनांचा रेटा देताय त्यावर ठरतं, किती वेगाने चाललाय त्यावर त्यामानाने कमी. आता वरच्या गणिताला हे जोडा. रेटा तोच म्हणजे तासाचं इंधन जवळपास तेच, आणि त्या तासात ४६३ ऐवजी ८३३ किलोमीटर मागे पडले. दर किलोमीटरचं इंधन थेट निम्म्याच्या जवळ आलं. उंचीतला फायदा इथून येतो.

पंख्याच्या विमानांत हा हिशेब वेगळा पडतो. टर्बोप्रॉप इंजिन इंधन खातं ते शक्तीच्या हिशेबाने, म्हणजे रेटा गुणिले वेग. वेग वाढला की तासाचं इंधनही वाढलं. त्यामुळे उंची चढून मिळणारा लाभ त्यांना तितका होत नाही. एटीआर ७२ सारखं विमान २५,००० फुटांच्या वर जातच नाही आणि बऱ्याचदा १७-१८ हजारांवरच काम भागवतं, ते यामुळे.

वैमानिकाला तबकडीवर दिसणारा वेग हाही मजेशीर प्रकार आहे. ३५,००० फुटांवर खरा वेग ४५० नॉट असतो, तेव्हा तबकडी दाखवते २६० च्या आसपास. तबकडी खरं तर समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजते, आणि विमानाच्या दृष्टीने तेवढीच हवा लागत असते. पंखांना वाटतं आपण २६० ने चाललोय, जमिनीवरची गावं मात्र दुपटीच्या जवळपास वेगाने मागे पडतात.

खिडकीपाशी यांच्या वहीतल्या आकड्यांबद्दल संध्याकाळी लिहितो. ते आकडे फार चांगले टिपलेत.

यंत्रवेडा | रविवार, सकाळी ९:०३

इंजिनाची बाजू राहिली होती, ती घालतो.

जेट इंजिनाची ताकद ठरवली जाते ती टेकऑफसाठी आणि चढाईच्या शेवटच्या टप्प्यासाठी. १५० ते १८० प्रवाशांच्या विमानातलं एक इंजिन धावपट्टीवर १२ टनांच्या आसपास रेटा देतं. दोन इंजिनं म्हणजे २४ टन, आणि आडव्या उड्डाणाला हवेत ४. खालीच उडत राहिलात तर इंजिनं कायम अगदी मंद ठेवावी लागतील. टर्बाइनला हे मानवत नाही. तिची कार्यक्षमता पूर्ण फेऱ्यांच्या जवळ चांगली असते, मंद चालीला ती झपाट्याने घसरते.

वर गेलं की हवा कमी पडते आणि त्याच इंजिनाचा जास्तीत जास्त रेटा धावपट्टीवरच्या साधारण पाचव्या हिश्शावर येतो. दोन इंजिनं मिळून ५ टनांच्या आत-बाहेर. लागतात ४. म्हणजे इंजिन आपोआप त्याच्या सगळ्यात चांगल्या चालीत येऊन बसतं. इंजिनाला हवा कमी मिळते ही खिडकीपाशी यांची शंका रास्त होती. पण धावपट्टीसाठी दिलेली जादा ताकद पुढे दहा तास वागवायची नाही, हे साधतं ते त्या कमी हवेमुळेच.

दुसरं, थंडी. इंजिनाच्या पुढच्या भागात हवा दाबली जाते आणि दाबायला लागणारी मेहनत हवेच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असते. समुद्रसपाटीला प्रमाण (म्हणजे सरासरी म्हणून धरलेलं) तापमान २८८ केल्विन, ३५,००० फुटांवर २१९. त्याच मॅक वेगाला (म्हणजे आवाजाच्या वेगाच्या तितक्याच पटीत), तितकंच दाबायला दर किलो हवेमागे सुमारे पाव हिस्सा मेहनत वाचते. ती वाचलेली शक्ती रेट्याला मिळते.

थंडीचा हा फायदा कायम वाढत जात नाही. प्रमाण वातावरणात ११ किलोमीटरला, म्हणजे ३६,०८९ फुटांना, तापमान उणे ५६.५ वर येऊन स्थिरावतं. त्यापुढे कित्येक किलोमीटर ते घटत नाही. प्रवासी विमानांची नेहमीची उंची या रेषेच्या आसपास का घुटमळते, त्याचं हे एक कारण.

साधीशंका | रविवार, सकाळी ११:४५

सगळं वाचतेय आणि समजतंयही. पण चढायलाच केवढं इंधन जात असेल! ते धरलं तर फायदा उरतो का?

पाटीपेन्सिल | रविवार, दुपारी १२:२०

हा हिशेब करून बघण्यासारखा आहे. ७० टनांचं विमान १०.७ किलोमीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची, ७३५ कोटी ज्यूल. एक किलो विमान-इंधनात ४.३ कोटी ज्यूल असतात आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा कामी येतो. भागाकार केला की ५०० किलोच्या जवळपास इंधन येतं. दिसायला मोठा आकडा आहे.

पण ती ऊर्जा कुठे गेली? कुठेच नाही, उंचीच्या रूपात शिल्लक आहे. विमानाचं उचल-रोध प्रमाण १७ धरलं तर १०.७ किलोमीटर उंचीवरून ते इंजिनाशिवाय १७ गुणिले १०.७, म्हणजे सुमारे १८० किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. उतरताना इंजिनांचा आवाज एकदम मऊ होतो आणि बराच वेळ तसाच राहतो ना, तेव्हा हे ५०० किलो परत मिळत असतात. सगळेच नाही. खालच्या दाट हवेतून हळू चढताना गेलेलं इंधन, वळसे, धावपट्टीजवळ पंखांच्या फळ्या आणि चाकं बाहेर काढल्यावरचा रोध, यात काही जातातच. म्हणून पाऊण-एक तासाच्या उड्डाणात विमान ३५ हजारांवर न जाता बऱ्याचदा मध्येच थांबतं. तिथे जाऊन लगेच उतरायचं असेल तर आडवं उडायला अंतरच उरत नाही.

नभोवाट | रविवार, दुपारी १:१०

या १८० किलोमीटरबद्दल थोडं. २४ ऑगस्ट २००१ ला एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए-३३० अटलांटिकवर असताना इंधनगळतीमुळे आधी एक आणि मग दुसरं इंजिन बंद पडलं. दुसरं बंद पडलं तेव्हा विमान ३४,००० फुटांच्या वर होतं आणि अझोर्स बेटांवरचा लाजेसचा तळ सुमारे १२० किलोमीटरवर. १९ मिनिटं ते विमान नुसतं तरंगत आलं आणि धावपट्टीवर उतरलं. आतले ३०६ जण जिवंत राहिले. तेच विमान १०,००० फुटांवर असतं तर १७ गुणिले ३ म्हणजे ५० किलोमीटर. मध्ये नुसता समुद्र होता.

माझ्यासाठी उंचीचं हे दुसरं मोल आहे. इंधनाच्या हिशेबात ते कधी दिसत नाही, पण आराखडा बनवताना माझ्या मनात ते कायम असायचं.

अवकाळी | रविवार, दुपारी ३:०२

माझा हवामानाचा मुद्दा मग बाद झाला का?

ढगवाचक | रविवार, दुपारी ३:४८

बाद नाही, पण 'हवामानाच्या वर उडतात' हे जसंच्या तसं घेऊ नये. वातावरणातली जवळपास सगळी वाफ खालच्या थरात असते, त्यामुळे रोजचे ढग, पाऊस, खालचे धक्के हे नक्कीच मागे राहतात. मात्र हा थर सगळीकडे सारख्या जाडीचा नाही. ध्रुवांकडे तो ८-९ किलोमीटरला संपतो, विषुववृत्ताजवळ १६ ते १८ किलोमीटरपर्यंत जातो. उष्ण कटिबंधातले गडगडाटी ढग ५०,००० फुटांच्याही वर डोकं काढतात. त्यांच्यावरून कुठलंही प्रवासी विमान जात नाही, त्यांना वळसा घालतं. नाकातलं रडार त्यासाठीच असतं.

उलट याच उंचीवर एक वेगळी भानगड आहे. ९ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह असतात. ताशी २०० किलोमीटर वेग नेहमीचा, कधी ३०० च्याही वर. ते पाठीशी असले तर तासभर वाचतो, समोरून आले तर तेवढाच जातो. त्यांच्या काठावर निरभ्र आकाशातही धक्के बसतात, आणि ढग नसल्याने रडारला ते दिसत नाहीत.

हे प्रवाह १९२० च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून मोजले होते. निष्कर्ष जगाला कळावेत म्हणून त्यांनी ते एस्पेरांतो भाषेत छापले, आणि बाहेर ते फारसे कुणी वाचले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून जपानकडे जाणाऱ्या अमेरिकी वैमानिकांना हे वारे नव्याने 'सापडले'. इतकं नेटकं काम वीस वर्षं पडून राहिलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

साधीशंका | रविवार, सायंकाळी ५:१५

५०,००० वर का नाही, याचं उत्तर अजून आलं नाही.

यंत्रवेडा | रविवार, सायंकाळी ६:२७

दोन भिंती आहेत. एक हवेची, एक धातूची.

हवेची अशी. जितकं वर, तितकं उचल टिकवायला खरा वेग जास्त लागतो. त्याखाली गेलात की पंखावरून हवा सुटते, विमान स्टॉल होतं, म्हणजे उचल एकदम घटते. दुसरीकडे थंड हवेत आवाजाचा वेग घटतो. समुद्रसपाटीला ताशी १,२२५ किलोमीटर, ३५,००० फुटांवर १,०६७ च्या आसपास. पंखाच्या पाठीवरची हवा विमानापेक्षा वेगाने वाहते, त्यामुळे मॅक ०.८ च्या पुढे तिथे धक्कालहरी तयार होतात आणि रोध भसकन वाढतो. म्हणजे खालची मर्यादा वर सरकतेय आणि वरची मर्यादा खाली येतेय. दोन्ही जिथे भेटतात त्याला वैमानिक कॉफिन कॉर्नर म्हणतात. ७०,००० फुटांवर उडणाऱ्या यू-२ या टेहळणी विमानाला या दोन मर्यादांमध्ये मोजके काही नॉट मोकळे मिळतात. प्रवासी घेऊन असं उडता येत नाही. वळण घेतलं, एक धक्का बसला तरी मर्यादेत राहावं एवढी जागा हाताशी ठेवूनच उंची ठरवतात. कॉन्कॉर्ड ६०,००० फुटांपर्यंत जायचं, पण ते आवाजाच्या दुप्पट वेगाने. त्याचा हिशेबच वेगळा होता.

धातूची भिंत म्हणजे केबिन. आत ८,००० फुटांवर असावी इतकी हवा ठेवावी लागते. बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० मध्ये ६,०००. ३९,००० फुटांवर बाहेरचा दाब १९७ हेक्टोपास्कल आणि आत ८,००० फुटांचा ७५३. फरक दर चौरस मीटरला साडेपाच टनांहून जास्त. तुम्ही ज्या लहानशा खिडकीला डोकं टेकून बसला होतात ना, तिच्यावर आतून बाहेर सुमारे अर्ध्या टनाचा जोर होता. खिडकीच्या खालच्या कडेला एक बारीक छिद्र दिसतं आणि त्याभोवती बर्फाची नक्षी जमते. ते मधल्या काचेला मुद्दाम पाडलेलं असतं. त्यातून दाब सारखा होतो आणि सगळा जोर बाहेरच्या काचेवर जातो. मधली काच राखीव राहते.

प्रत्येक उड्डाणात सांगाडा एकदा फुगतो आणि एकदा बसतो. कॉमेट हे पहिलं जेट प्रवासी विमान १९५२ मध्ये सेवेत आलं. १९५४ च्या जानेवारीत एक एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये दुसरं नेपल्सजवळच्या समुद्रात, हवेतच फुटून पडलं. इंग्लंडमधल्या फार्नबरोला एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा दाब देऊन पाहिलं, तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यापाशी सुरू झालेली चीर सापडली. आजच्या विमानांच्या खिडक्यांना कोपरे नसतात, त्यामागे त्या दोन विमानांत गेलेली माणसं आहेत. आणखी उंच जायचं म्हणजे सांगाडा आणखी जाड, आणखी जड, आणि ते वजन प्रत्येक किलोमीटरला वाहायचं.

साधीशंका | रविवार, सायंकाळी ६:५०

वर पाणी पिऊन बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि उतरल्यावर बाटली चेपलेली निघाली, ते या ८,००० फुटांमुळेच ना?

यंत्रवेडा | रविवार, सायंकाळी ६:५८

हो. आत अडकलेली हवा ७५३ ची, खाली १,०१३. चौथा हिस्सा आकसते. आणि केबिनचा दाब घटला तर मास्क का पडतात, तेही लक्षात असू द्या. ३५,००० फुटांवर मास्कशिवाय शुद्धीत राहून काही करता येण्याचा काळ अर्धा ते एक मिनिट असतो. म्हणून 'आधी स्वतःचा मास्क' हे मनापासून ऐका. विमान त्याच वेळी १०,००० फुटांकडे झेपावत असतं.

नभोवाट | रविवार, रात्री ९:१४

आता वहीतले आकडे. तुम्ही ज्याची नोंद केलीत त्याला आम्ही स्टेप क्लाइम्ब म्हणतो.

प्रत्येक वजनाला एक सर्वात फायद्याची उंची असते. वजन घटलं की तेवढीच उचल नको असते, आणि मॅक वेग बदलायचा नसेल तर आणखी विरळ हवेत गेल्यावरच पंख पुन्हा त्या चांगल्या कोनात येतात. हिशेब सरळ आहे: वजन जितके टक्के घटेल, तितके टक्के कमी दाबाच्या हवेत जा. ३३,००० फुटांवर दाब २६२ हेक्टोपास्कल, ३५,००० वर २३८. फरक ९ टक्के. तुमचं विमान मोठ्या पल्ल्याचं होतं, समजा सुरुवातीला २४० टन. त्याचे ९ टक्के म्हणजे सुमारे २२ टन. असं विमान तासाला ७ टनांच्या आसपास इंधन जाळतं. तीन तास झाले की २२ टन संपतात. तुमच्या वहीतही तीनच तास आहेत.

सुरुवातीलाच ३७,००० वर का नाही, त्याचं उत्तर यातच आलं. तेव्हा विमान जड होतं. त्या वजनाला तिथली हवा पुरली नसती. नाक उचलून पंखांचा कोन वाढवावा लागला असता, रोध वाढला असता आणि स्टॉलपासूनचं अंतरही घटलं असतं. इंजिनांकडे तेवढा रेटाही नसता.

खरं तर विमानाने तासागणिक थोडं थोडं, सरकत वर जावं. इंधनाला तेच सर्वात चांगलं. पण आकाशात आपण एकटे नसतो. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात विमानांमध्ये उभं अंतर १,००० फुटांचं ठेवतात. पूर्वी ते २,००० होतं. उंचीमापक अचूक झाल्यावर, १९९७ मध्ये उत्तर अटलांटिकपासून हे अंतर निम्मं करायला सुरुवात झाली. जगात बहुतेक ठिकाणी पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम हजार मिळतात आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम. म्हणून त्याच दिशेने वर सरकायचं तर पायरी २,००० ची. तुमचे ३३, ३५, ३७ तिन्ही विषम आहेत, कारण तुम्ही पूर्वेकडे चालला होता.

एक बारकावा. हे ३५,००० फूट टेप लावून मोजलेले नसतात. समुद्रसपाटीला दाब १,०१३.२५ हेक्टोपास्कल आहे असं सगळी विमानं धरून चालतात आणि बाहेरच्या दाबावरून उंची काढतात. खरी उंची थोडी वर-खाली असू शकते. पण सगळ्यांची चूक सारखीच, त्यामुळे आपसातलं अंतर शाबूत राहतं.

खिडकीपाशी | सोमवार, सकाळी ८:३६

तीन तासांचं ते उत्तर मी दोनदा वाचलं. वही समोर ठेवून आकडेमोड करून पाहिली, ९ टक्केच येतात. सगळ्यांची मनापासून आभारी आहे.

काल रात्री परतीच्या प्रवासातले पडद्याचे फोटो शोधले. पश्चिमेकडे येत होतो आणि उंची ३४,०००. सम! पण मग एक अडलं. पाच तासांच्या अंतराने काढलेल्या दोन्ही फोटोंत ३४,०००च आहे. वजन तर घटलं असणार, मग वर का गेलो नाही? दुसऱ्या फोटोत बाहेरचं तापमान उणे ४४ दिसतंय, जाताना याच्या आसपासच्या उंचीला ते ५० च्या खाली होतं.

नभोवाट | सोमवार, सकाळी ९:५०

तापमान लिहिलंत ते फार बरं केलंत. ३४,००० फुटांना प्रमाण तापमान उणे ५२. तुमच्याकडे उणे ४४, म्हणजे हवा ८ अंशांनी उबदार. पंखांना याने फरक पडत नाही, ते दाब आणि मॅक वेग पाहतात. इंजिनांना पडतो, उबदार हवेत त्यांचा रेटा घटतो. वजनाच्या हिशेबाने ३६,००० फायद्याची असली तरी तिथवर चढायला रेटा शिल्लक नसेल, तर एफएमसी हा विमानातला संगणक कमाल उंची खाली दाखवतो आणि वैमानिक वर जायची परवानगीच मागत नाही.

दुसरी शक्यता, ३६,००० वर तुमच्याच मार्गावर आधीच कुणीतरी होतं आणि एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) थांबवलं. तिसरी, वारा. पश्चिमेकडे येताना तो समोरून असतो, आणि २,००० फूट वर तो ताशी ६०-७० किलोमीटरने जास्त असेल तर आम्ही आराखड्यातच खालची उंची धरतो.

दोन्ही फोटोंत जमिनीवरचा वेग दिसत असेल तर लिहा. तो आणि तापमान मिळालं की यातलं कुठलं कारण ते बऱ्यापैकी सांगता येईल.

खिडकीपाशी | सोमवार, सकाळी १०:०४

पहिल्या फोटोत ताशी ७४१, दुसऱ्यात ७८६. पहिल्यात तापमान उणे ४५.

नभोवाट | सोमवार, सकाळी १०:३१

मोठं विमान मॅक ०.८४ ने चाललंय असं धरू. उणे ४४ ला आवाजाचा वेग ताशी १,०९० च्या आसपास, म्हणजे विमानाचा हवेतला वेग ९१५. त्यातून ७८६ वजा करा, समोरचा वारा १३० निघतो. पहिल्या फोटोच्या वेळी तो १७५ च्या जवळ होता. वारा पुढे पुढे कमी होत गेला, हवा मात्र पाचही तास उबदारच राहिली. मी उबेच्या बाजूने आहे. ३६,००० वरचा वारा आपल्याला माहीत नाही, त्यामुळे तेवढी एक शक्यता उघडी राहते.